अळी जित्ती हाय, पण खाऊन नाही राहिली

नागपूरजवळच्या कळमेश्वर तालुक्यातल्या भाजीवाल्या गावांत एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण चारचौघांत कुणी काढत नाही. घरी खायच्या भाजीचा वाफा वेगळा असतो. तो विहिरीजवळ असतो, लहान असतो आणि त्याच्यावर फवारणी होत नाही. बाजारात जाणारी फुलकोबी धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडून सुरू होते. आमच्याकडेही तसंच होतं. एका हिवाळ्यात बायकोने विचारलं, "कॉटन मार्केटातून गोबी नेणाऱ्या बाईच्या घरी लेकरं नसतात का?" मी काही बोललो नाही, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. रासायनिक औषध सोडून अळी मारणारा जिवाणू फवारायला लागलो, त्याचं पहिलं कारण हा प्रश्न.

दुसरं कारण यवतमाळचं. २०१७च्या हंगामात तिथे कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. आमच्याकडे वर्षानुवर्षं फवारणीला येणारे एक मामा आहेत. त्या वर्षापासून बाटली हातात घेतली की आधी तिच्यावरचा त्रिकोण पाहतात. लाल असला तर "हे तुम्हीच मारा भाऊ" म्हणून पंप खाली ठेवतात. वाचता येत नसलं तरी रंग कळतो.

फवारणी साफ बंद करून भागेल, असं मला कधी वाटलं नाही. फुलकोबीला ठिपक्यांच्या पतंगाने धरलं की गड्डा हाती लागत नाही. हा पतंग करडा, बोटाच्या पेराएवढाही नाही. पंख मिटून बसला की पाठीवर फिकट चौकटी दिसतात, एकापुढे एक तीन. अळी हिरवट, दोन्ही टोकांना निमुळती. तिला बोट लावलं की वळवळत मागे सरकते आणि धागा सोडून पानाखाली लोंबकळते. अंड्यातून निघाल्यावर ती आधी पानाच्या आत शिरून खाते, मग बाहेर येऊन खालच्या बाजूने पान खरवडते. वरचा पापुद्रा शाबूत राहतो, म्हणून पान उन्हासमोर धरलं की बारीक खिडक्या दिसतात. आठवड्याभरात त्या खिडक्यांची भोकं होतात.

या किडीची ख्याती मोठी आहे. डीडीटीला दाद न देणारी पिकावरची पहिली कीड म्हणून हिचं नाव येतं. जावा बेटावर १९५३ साली तशी नोंद झाली. नंतर जे जे नवीन औषध निघालं, ते काही वर्षांत हिने पचवलं. आमच्या वावरात हेच लहान प्रमाणात दिसत होतं. पहिल्या वर्षी एका फवारणीत साफ, दुसऱ्या वर्षी दोन लागल्या, पुढे दर आठवड्याला काहीतरी महागडं. शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात जे दिवस सोडायचे असतात, ते बाजारभाव चढला की कोण सोडतं?

किडींचा विषय शिकवून निवृत्त झालेले एक सर ओळखीचे आहेत. त्यांनी कागदावर लिहून दिलं: बॅसिलस थुरिंजिएन्सिस, कुर्स्टाकी. हे अळी मारणाऱ्या जिवाणूचं आणि त्याच्या प्रकाराचं नाव, थोडक्यात बीटी. तो कागद घेऊन मी कृषी केंद्रात गेलो. दुकानदाराने वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे बीटी होय नं भाऊ? बीटी तं बियाण्यात असते. तुम्ही फवारून काहून राहिले?"

विदर्भात राहून त्याला असं वाटणं साहजिक होतं. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हापासून आमच्याकडे बीटी म्हणजे बियाण्याची थैली. त्या बियाण्यात याच जिवाणूचं जनुक घातलेलं असतं, त्यामुळे कपाशीचं झाड पेरणीपासून वेचणीपर्यंत ते प्रथिन स्वतः तयार करत राहतं. फवारायच्या पावडरीत मात्र जिवाणूचे बीजाणू आणि त्यांच्यासोबत तयार झालेले प्रथिनाचे खडे असतात. उन्हात त्यांचा जोर दोन-चार दिवसांत ओसरतो. दुकानदार याला तोटा म्हणत होता. मला ते बरं वाटलं. सगळा हंगाम, सगळ्या शिवारात, एकच विष अळीच्या तोंडी राहिलं की काय होतं ते आम्ही गुलाबी बोंडअळीत पाहिलं आहे. २००६ मध्ये दोन जनुकांची बीटी कपाशी आली, आणि २०१७ला विदर्भात बोंडं फोडून आतली अळी दाखवायची वेळ आली. नागपूरच्याच केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बोंडअळी दोन्ही प्रथिनांना पुरून उरल्याचं नोंदवून ठेवलं आहे.

दुकानात एकच पाकीट निघालं, तेही वरच्या फळीवर, पत्र्याला टेकलेलं. नागपूरचा मे महिना ज्याने त्या पत्र्याखाली काढला, ते जैविक औषध मी घेतलं नाही. ताजा माल मागवायला लावला आणि आल्यावर पाकीट उलटसुलट करून वाचलं: जिवाणूचं नाव आणि प्रकार, नोंदणी क्रमांक, तयार केल्याची तारीख, संपायची तारीख. रासायनिक औषध घेताना कधी इतकं वाचलं नव्हतं. जैविकच्या नावाखाली नुसत्या चमकदार बाटल्याही विकल्या जातात, त्यांच्यावर जिवाणूचं नावच नसतं. "सर्व अळ्यांवर, सर्व रोगांवर, सर्व पिकांवर" असं जिथे लिहिलं असेल, तिथून मी उठून येतो.

मोबाइलवर गूळ आणि बेसनात हाच जिवाणू घरी वाढवायच्या कृतीही फिरतात. त्या मी करत नाही. जिवाणू वाढला म्हणजे काम झालं असं नाही. वाढ थांबून बीजाणू धरताना त्यात तो प्रथिनाचा खडा तयार होतो, आणि मारतो तो खडा. आमच्या ड्रममध्ये खडा तयार झाला की दुसरंच काही आंबलं, हे सूक्ष्मदर्शकाशिवाय कळायचं नाही.

सरांनी अळीच्या पोटात काय घडतं ते मोठ्या आवडीने समजावलं होतं. ते कळल्याशिवाय या औषधाची वेळ-काळ जमत नाही, म्हणून थोडं सांगतो. हे स्पर्शाने मारत नाही, वासाने मारत नाही. अळीने ते खाल्लंच पाहिजे. अळीचं आतडं आपल्या जठरासारखं आम्लयुक्त नसतं, चांगलं खारं, अल्कधर्मी असतं. तिथे तो खडा विरघळतो, अळीचेच पाचकरस त्याला कापून कामाचा करतात आणि मग तो आतड्याच्या पेशींवरच्या ठराविक जागी चिकटून भोकं पाडतो. आतडं निकामी झालं की अळी खाणं सोडते. आतड्यातला माल अंगात उतरतो आणि दोन-चार दिवसांत ती मरते. माणसाच्या पोटात आम्ल असतं आणि आतड्यावर ती चिकटायची जागाही नसते. म्हणूनच काढणीच्या तोंडावरही हे चालतं. मधमाशी, ढालकिडा यांनाही ते नडत नाही.

हा जिवाणू पहिल्यांदा सापडला तो रेशमाच्या किड्यात, जपानात, १९०१ साली. इशिवाता नावाचे शास्त्रज्ञ रेशीमअळ्या पटापट का मरतात हे शोधत होते. दहा वर्षांनी जर्मनीत बर्लिनर यांना तोच पिठातल्या पतंगाच्या अळीत सापडला. ते ठिकाण थुरिंजिया प्रांतातलं, म्हणून हे अवघड नाव. रेशमाची ही बाब मी सरांकडून ऐकून सोडून दिली होती. पुढे सासुरवाडीला गेल्यावर ती कामी आली.

पहिल्या फवारणीची तयारी रासायनिकपेक्षा जास्त निघाली. आमच्या बोअरचं पाणी जड. आंघोळीला साबणाचा फेस होत नाही असं पाणी. पाणी फार खारं असलं तर खडा पंपातच विरघळायला लागतो आणि अळीच्या पोटात जायच्या आधीच बाद होतो. पाणी आम्ल की खारं हे दाखवणारी कागदी पट्टी बुडवून पाहिली तर रंग आठाच्या वर गेला. मग बादलीत चिमूट-चिमूट लिंबूसत घालत सातापर्यंत आणलं. पावडर एकदम पंपात टाकायची नाही. आधी मगभर पाण्यात घोटून पातळ करायची, मग गाळून ओतायची, नाहीतर नोझल बसतं. वास आंबूस येतो. मामांनी हुंगून पाहिलं आणि म्हणाले, "हे औषध होय का ताडी?"

प्रमाण पाकिटावर होतं तेच घेतलं, लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास. फुलकोबीच्या पानावर मेण असतं, त्यावर पाण्याचे थेंब धरत नाहीत, घरंगळून सरीत जातात. म्हणून औषध पानाला चिकटवणारं द्रव, स्टिकर, घालावंच लागलं. पंप मात्र आधी धुऊन घेतला, आणि बुरशीसाठी मारायचं तांब्याचं औषध त्यात मिसळायला मी नकार दिला. एका फेरीत दोन कामं उरकायची आमच्याकडे पद्धत आहे, त्यामुळे मामा त्यावरून थोडे कुरकुरले. तांबं जिवाणूलाही मारतं. जिवाणूनाशक मिसळून जिवाणू फवारण्यात काय अर्थ?

वेळ संध्याकाळची धरली. ऊन या खड्याचा शत्रू आहे, आणि अळीही रात्री निवांत चरते. चारनंतर सुरू करून अंधार पडायच्या आत संपवलं. खरी मेहनत पानाच्या खालच्या बाजूला. कपाशीवर वरून झोत मारत चालत जायची सवय असलेल्या माणसाला वाकून, नोझल उलटं करून, प्रत्येक झाडाच्या पोटाखाली फवारायला सांगणं म्हणजे भांडणच. मामांची पाठ धरली, मग अर्ध्या ओळी मी घेतल्या. दोघांच्याही नाकातोंडावर रुमाल होते. औषध सौम्य असलं तरी पावडर आणि बीजाणू छातीत कशाला घ्यायचे, डोळ्यांत गेलं तर चुरचुरतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वावरात पोचलो तर मामा आधीच येऊन बसलेले. हातात गोबीचं पान.

"भाऊ, अळी तं जित्तीच हाय जी. नकली पावडर तं नाही देल्ली तुम्हाले?"

अळी जिवंत होती. एक नाही, बऱ्याच होत्या. बोट लावलं की हलत होत्या, फक्त लोंबकळण्याची घाई नव्हती. रासायनिक फवारणीनंतर सकाळी सरीत अळ्यांचा सडा दिसतो, तेव्हाच पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. इथे तसलं काहीच नव्हतं. शेजारचे काकाजी धुऱ्यावर उभे राहून सगळं पाहत होते. त्यांनी हरभऱ्याच्या घाटेअळीवर विषाणूचं औषध वापरलेलं होतं. म्हणाले, "आमच्या अळ्या तं शेंड्याले उलट्या टांगल्या होत्या. तुमच्या टांगल्या नाही, म्हणजे काम झालं नाही." उलटं टांगणं ही विषाणूने मेलेल्या अळीची खूण. तिथे मेलेल्या अळ्या गोळा करून, वाटून पुन्हा फवारतातही. या जिवाणूचं तसं नाही. तो एका अळीतून दुसरीत फारसा पसरत नाही, जिने खाल्लं ती मेली, बाकीच्या तशाच.

मी मामांना म्हटलं, "अळी पाहू नका, पान पाहा." आम्ही काही झाडांना सुतळी बांधली आणि त्यांची कोवळी पानं रोज उन्हासमोर धरून पाहू लागलो. जुन्या खिडक्या होत्या तेवढ्याच होत्या, नवी पडत नव्हती. पानाखालची ताजी हिरवी लेंडी दिसेनाशी झाली. ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण अळी लपू शकते, लेंडी लपत नाही. मग अळ्या मलूल झाल्या, पिवळट, नंतर काळपट पडून पानाला चिकटल्या. तोवर मामांनी स्वतःच निकाल देऊन टाकला होता: "जित्ती हाय, पण खाऊन नाही राहिली. मंग राहू द्या बिचारीले."

पूर्ण वाढलेल्या अळ्या मात्र बऱ्याच वाचल्या. पांढऱ्या जाळीदार कोषात जायच्या बेतात असलेली अळी खातेच किती? ज्या अळ्या फवारणीच्या दिवशी पानाच्या आत शिरलेल्या होत्या, त्याही वाचल्या. हे औषध लहान, उघड्यावर चरणाऱ्या अळीचं आहे. म्हणून तारखेवर फवारणी चालत नाही. झाडं पाहावी लागतात, नव्या खिडक्या दिसायला लागल्या की त्याच संध्याकाळी पंप भरावा लागतो, आणि पुढच्या आठवड्यात उशिरा निघालेल्या अळ्यांसाठी पुन्हा. मध्येच अवकाळी येऊन गेला तर धुऊन जातं, तेव्हा मोजणी नव्याने. कामाच्या दृष्टीने हे रासायनिकपेक्षा महाग आहे. पावडरीमुळे नाही, फेऱ्यांमुळे.

थंडी वाढली तसा मावा आला. त्याच्यावर याचा काडीचा उपयोग नाही. मावा पानातला रस ओढतो, पानावर बसलेला खडा त्याच्या पोटात जातच नाही. तिथे निंबोळी अर्क आणि पाण्याचा जोरदार फवारा यांवर निभावलं. तंबाखूवरच्या पानं खाणाऱ्या अळीनेही थोडा त्रास दिला, ती या जिवाणूला फारशी जुमानत नाही. तिचे अंडीपुंज असलेली पानंच तोडून रॉकेलच्या पाण्यात बुडवली.

पण एक गोष्ट अशी घडली, जी आमच्या बाजाराच्या वाफ्यात मी आधी पाहिली नव्हती. पानांवर तांदळाच्या दाण्यासारखे बारीक पांढरे कोष दिसू लागले. मी ते घाबरून सरांना दाखवले. ते हसले. ती एक चिमुकली गांधीलमाशी, ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीत अंडी घालते, तिची पिल्लं अळीला आतून खाऊन बाहेर येतात आणि असे कोष करतात. जहाल औषधांत ही माशी आधी मरते, अळी नंतर. घरच्या वाफ्यात कीड कमी का असते, याचं कारण मी आजवर विहिरीच्या ओलाव्यात शोधत होतो.

एवढं सगळं जमून आलं म्हणून नुसत्या याच्यावर विसंबायचं नाही, हेही सरांनी बजावलं. ज्या किडीने डीडीटी पचवलं, तिनेच शेतात फवारलेल्या या जिवाणूलाही पहिल्यांदा दाद देणं सोडलं. १९९० साली हवाईतल्या शेतांमधून तसं छापून आलं. दर आठवड्याला तेच तेच मारत राहिल्याचं ते फळ. म्हणून आम्ही आलटून-पालटून करतो. एकदा जिवाणू, एकदा निंबोळी. सोबत मोहरी लावतो. पंचवीस ओळी कोबीमागे मोहरीच्या दोन ओळी, एक कोबीच्या लावणीआधी पंधरा दिवस आणि दुसरी लावणीनंतर पंचवीसेक दिवसांनी, ही बंगळूरच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेची शिफारस. पतंग मोहरीवर अंडी घालायला धावतात, तिथेच त्यांना गाठायचं. मोहरीला एका वर्षी मात्र ढोरांनी गाठलं, पतंगांच्या आधी.

सासुरवाडी गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीकडची. तिथे साळा धानाचा शेतकरी, त्याला माझ्या पाकिटाचं भारी कौतुक. पानं गुंडाळणाऱ्या अळीसाठी मागायला लागला. मी देणारच होतो, तेवढ्यात त्याच्या बांध्यांपलीकडे ऐनाची झाडं दिसली. त्या भागात ढिवर समाजाची माणसं ऐन-अर्जुनावर कोसा, म्हणजे टसर रेशीम, पिकवतात. कोशाची अळीसुद्धा अळीच. जपानातल्या त्या रेशीमकिड्यांचं जे झालं तेच हिचं होणार, वारा त्या बाजूचा असला की पुरे. पाकिटावर रेशीम उद्योगाजवळ वापरू नये असं लिहिलेलं असतं, पण ते इतक्या बारीक अक्षरांत, की गावात कोण वाचतो? साळा नाराज झाला. बायको म्हणाली, माझ्या माहेरी द्यायचं म्हटलं की तुम्हाला बरी कारणं सुचतात. तिलाच मग ऐनाखाली नेऊन पानांवरच्या त्या जाड हिरव्या अळ्या दाखवल्या.

कॉटन मार्केटात पहाटे कुणी विचारत नाही की गड्ड्यावर काय मारलं होतं. गड्डा पांढरा, घट्ट आणि जड पाहिजे. आमच्या बाहेरच्या पानांना भोकं जास्त असतात, ती मी कापून टाकतो, आतला माल कुणाच्याही मालाशी लागतो. जास्तीचा भाव मिळत नाही. ओळखीचा एक अडत्या भोकं पाहून म्हणाला होता, "औषध कमी पडून राहिलं तुमचं." त्याला सगळं समजावून सांगायला पहाटे चारला वेळ कुणाला आहे. नागपुरातल्या सेमिनरी हिल्सकडच्या दोन-तीन कुटुंबांना मी थेट पाठवतो, ती मात्र भोकं पाहूनच घेतात.

घरचा वाफा अजून आहे. फरक एवढाच, आता बायको संध्याकाळच्या भाजीसाठी जो धुरा जवळ पडेल तिथून गड्डा कापते.

हंगाम संपताना पाकिटात थोडी पावडर उरली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत ती ठेवायची, तर मध्ये उन्हाळा. फेकायचा विचार होता. मामा म्हणाले, मला द्या, माझ्या वांग्यावर मारतो.

मी म्हटलं, "मामा, वांग्याची अळी अंड्यातून निघाली की लगेच शेंड्यात नाहीतर फळात शिरते. एकदा आत गेली की हे तिच्या तोंडी लागत नाही."

"शिरायच्या आंदी गाठली तं?"

"तर लागेल. पण ती वेळ सापडायला रोज झाडं पाहावी लागतील. आणि किडलेले शेंडे आधी तोडून पुरून टाकावे लागतील."

"पाह्यतो नं मंग. तशीबी पाहाची आदत लावली तुम्ही." पाकीट दुमडून त्यांनी बंडीच्या खिशात घातलं, आणि जाता जाता लिंबूसतही मागून नेलं.